सर्दगरम

तापलेल्या अंगावर गार पाणी घालू नये, सर्दगरम होतं. हे मला माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं, आणि मी ते माझ्या पोराला अन् पोराच्या पोरीला शिकवलं. उन्हातून आलं की आधी सावलीत टेकायचं, घाम वाळू द्यायचा, मग तांब्याला हात लावायचा. नाय तर ताप डोक्यात चढतो, लकवा मारतो. आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं.

हे खोटं आहे. साध्या तापाचं मी बोलत नाही, ते डॉक्टरनं बघावं. पळून पळून जो माणूस भट्टीसारखा पेटतो आणि बरळायला लागतो, त्याचं बोलतोय. मी चौथी शिकलेला माणूस आहे, तरी लिहून देतो की त्याच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. ते कळायला माझी नात जावी लागली.

आणि मी कोण? उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात काढलेला माणूस. मिठाच्या पाण्याच्या टाकीतून डबे वर ओढायचे, लादी सुटी करायची, आकड्यानं खेचत नेऊन भुशात टाकायची. मे महिन्यात बाहेर डांबर पातळ व्हायचं आणि आत आम्ही उघडे, घामानं निथळत, लादी छातीला लावून उचलायचो. दिवसातनं वीस वेळा गरमातनं गारात, गारातनं गरमात. मला कधी सर्दगरम झालं नाही. जोडीच्या कुणालाच झालं नाही. तरी संध्याकाळी क्रांती चौकामागच्या आमच्या खोलीवर आलो की बायको दारातच अडवायची.

"आधी बसा तिथं. घाम वाळू द्या."

"अगं, दिवसभर बर्फातच होतो की."

"ते तुमच्या कारखान्यातलं. माझ्या घरात सर्दगरम नको."

आणि मी बसायचो, उंबऱ्यावर, शेंबड्या पोरासारखा. पुरावा माझ्याच अंगावर होता आणि मी ऐकत बायकोचं होतो. ती तीन वर्षांमागं दम्यानं गेली. तिला बोल लावत नाही. तिनं मायेनं सांगितलं. डोळे असून बघितलं नाही ते मी.

ती गेली त्याच वर्षी नात माझ्याकडं राहायला आली. पोरगा आणि सून सोयगावला शेती करतात. नात बारावी झाली आणि म्हणाली, मला फौजेत जायचंय. पोरींनाही घेतात आता. मी म्हणालो, "बंदूक उचलंल का तुला?"

"आजोबा, तुमची पाव लादी उचलते, बंदुकीचं काय घेऊन बसलात!" असं म्हणून खरंच उचलून दाखवली, ओढणी भिजली तरी खाली ठेवली नाही. तशीच होती. हट्टी. माझ्यावर गेलेली.

खुलताबादच्या रस्त्याला एक मैदान आहे, तिथं भरतीची अकॅडमी चालते. फौजेतनं रिटायर झालेला एक हवालदार ती चालवतो. पोरं त्याला उस्ताद म्हणतात. माणूस वाईट नव्हता. पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर असायचा. पण त्याचे दोन शब्द होते, रगडा आणि नाटक. उशीर झाला, चूक झाली की रगडा, म्हणजे शिक्षेचे जादा राऊंड. आणि कुणी दमून खाली बसलं की नाटक. "उठ, नाटक नको." पळताना पाणी बंद, कारण पाणी पिलं की पोट धरतं. माठ कडेला भरलेला असायचा, पण सगळे राऊंड होईपर्यंत त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. हे नातीनं मला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. म्हणालो, बरोबर आहे उस्तादाचं.

गेल्या साली चैत्रात तिला दोन दिवस कणकण होती. तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून पळवणार होते. सकाळी तिनं गोळी खाल्ली आणि बुटाची लेस बांधायला बसली. डोळे लाल.

"आजच्या दिवस राहू दे," मी म्हणालो.

"उस्ताद म्हणतील नाटक."

"म्हणू दे."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! मलाच ऐकून घ्यावं लागतं."

आणि गेली. रिक्षा मिळाली नाही म्हणून उशिरा पोचली. म्हणून घड्याळाचं पळणं झाल्यावर वरून रगडा. तोवर ऊन चांगलं वर आलेलं.

मी कारखान्यातनं सुटलो होतो तरी उन्हाळ्यात मोपेडवरनं बर्फ पोचवायचो. मैदानाच्या फाटकासमोर एक रसवंती आहे, तिथं रोज अर्धी लादी द्यायची. त्या दिवशीही मी तिथंच होतो. गोणपाटात गुंडाळलेली लादी मागं बांधलेली, पाणी ठिबकतंय. रसवंतीवाला म्हणाला, "चचा, वो देखो, तुम्हारी पोती कैसी चल री."

तारेच्या कुंपणापलीकडं नात पळत होती. पळत कसली, झोकांड्या खात होती. मी हाक मारली. ती थांबली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आजी, दार उघड ना. घाम वाळला माझा."

माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मागनं उस्ताद ओरडला, "नाटक नको, एकच राहिलाय!" ती वळली, चार पावलं टाकली आणि पडली.

आम्ही सगळे धावलो. कुणीतरी म्हणालं फीट आली, आणि तिच्या नाकाला चप्पल लावली. कुणी कांदा आणायला रसवंतीकडं पळालं. अंगाला हात लावला तर चटका बसत होता, आणि तरी घाम येतच होता. तिच्याबरोबर पळणारी तिची एक मैत्रीण होती, पडेगावची. ती पोरगी माझ्या मोपेडकडं पळाली, गोणपाट फाडलं, बुटाच्या टाचेनं बर्फ फोडला आणि ओंजळीत घेऊन आली. नातीच्या मानेला लावायला वाकली.

मी तिच्या हातावर फटका मारला. बर्फ मातीत पडला.

"अगं, तापलेलं अंग हाय! सर्दगरम होईल!"

माझेच शब्द. माझाच हात.

मग आम्ही तिला चादरीत गुंडाळली. होय, गुंडाळली, वारा लागू नये म्हणून. उस्तादाच्या जीपमध्ये घातली, काचा वर केल्या आणि दवाखान्याच्या वाटेला लागलो. त्या बंद जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी उस्तादाला म्हणत होतो, बाबा, गाडी हाण, गाडी हाण.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीएवढीच असेल, फार तर चार वर्षांनी मोठी. तिनं खूप केलं. शेवटी बाहेर येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, अशा पेशंटला आधी गार करायचं असतं. जिथं पडला तिथंच. मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, डोकं वर धरायचं, आणि मगच गाडीत घालायचं. इथं येईपर्यंत आतनं सगळं शिजून जातं. तिथं जवळपास बर्फ नव्हता का हो?"

माझा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. बर्फाच्या पाण्यानं.

पोलिसांच्या कागदावर आकस्मिक मृत्यू लिहिलं. लोक म्हणाले नशीब. उस्ताद म्हणाला, अंगात काहीतरी आधीच असणार. सगळ्यांनी तिच्या मरणाला एकेक झाकण घातलं. मी एकही ठेवू दिलं नाही. उस्तादाला म्हणालो, नशीब नाय. तिच्या अंगात काही नव्हतं, दोन दिवसाची कणकण होती. तिला तुझ्या 'नाटक'नं मारलं आणि माझ्या 'सर्दगरम'नं मारलं. दोघांनी मिळून.

सोयगावला जलदानाचा विधी झाला. आमच्या बौद्ध समाजात गेलेल्या माणसाच्या नावानं करतात. भंतेजी सूत्र म्हणतात आणि घरची माणसं तांब्यातलं पाणी सावकाश वाटीत सोडतात, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. पोरानं सोडलं, सुनेनं सोडलं, मग तांब्या माझ्या हातात आला. धार धरली आणि माझ्यानं राहवेना. तांब्या खाली ठेवला.

"भंतेजी, ती पळत होती तेव्हा तिला कुणी घोटभर पाणी दिलं नाही. मी बर्फ घेऊन उभा होतो, मीही दिलं नाही. आता हे पाणी कुणाला पाजायचं?"

सून तोंडाला पदर लावून बसली. भंतेजी म्हणाले, "पाणी तिला पोचत नाही, बाबा. पुण्य पोचतं. आणि पुण्य जिवंत माणसाला दिल्यानंच होतं."

"मग मी जिवंतालाच देतो," मी म्हणालो, आणि उठलो. पाहुण्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू दे.

जनावरांना पाणी पाजायला मोठे काळे टब मिळतात, माणूस पाय पसरून बसेल एवढे. तसला एक टब मी मैदानावर नेला. उस्ताद फाटकातच आडवा आला.

"बाबा, हे काय?"

"टब."

"ते दिसतंय. इथं नको. आई-बाप पोरं भरती करायला आणतात. विचारतील, हा कशाला? काय सांगू? पोरं मरतात म्हणून?"

"व्हय. तेच सांग."

"तुमचं दुःख मी समजू शकतो, पण फौजेत असले लाड नसतात. फौज म्हणजे..."

"तू फौजेत किती वर्षं होतास?"

"सतरा."

"तिथं रंगरूट पळायचे तेव्हा मैदानाच्या कडेला काय उभं असायचं?"

तो टब बाजूला सरकवायला वाकला. मी पुन्हा विचारलं. शेवटी जमिनीकडं बघून म्हणाला, "ॲम्ब्युलन्स."

"आणि तुझ्याकडं?"

त्यानं फाटक ओढून घेतलं. टब आत घेऊ दिला नाही. मी म्हणालो, आत तुझं चालतं, बाहेर माझं. रसवंतीच्या छपराशेजारी फाटकाला लागून लिंबाचं झाड आहे, त्याखाली मांडला. रसवंतीवाला म्हणाला, "रखो चचा, बिनधास्त रखो. देखतूं कौन हटाता." टबावर मी पांढऱ्या रंगानं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'आधि गार मग दवाखाणा.'

दुसऱ्या दिवशी उस्ताद कंबरेवर हात ठेवून वाचत उभा. "बाबा, धी ऱ्हस्व काढलाय. आणि दवाखान्याचा न चुकलाय."

"माझं अक्षर चुकलं. तुझं माणूस चुकलं. कुणी आधी दुरुस्त करायचं?"

ते अक्षर मी अजून दुरुस्त केलेलं नाही. करणारही नाही.

रोज पहाटे कारखान्यातनं अर्धी लादी आणायची, फोडून टबाशेजारी गोणपाटात ठेवायची, टब भरून घ्यायचा. मग कुंपणाला लागून, जिथं पोरं वळण घेतात तिथं, पाण्याचा जग घेऊन उभं राहायचं. पहिला आठवडा उस्तादाच्या भीतीनं कुणी हात लावला नाही. पोरं चेष्टा करायची. "आजोबा, अंघोळीला साबण कुठाय?" "आजोबा, उस्तादांनाच बसवा एकदा!" मी म्हणायचो, "हसा. हसताय तोवर बरं हाय. हसायचं बंद झालं की मी येतो."

पहिली पाणी प्यायली ती पडेगावची पोरगी. पळता पळता थांबली, ग्लास रिकामा केला आणि उस्तादाकडं बघत दुसरा मागितला. तिला रगडा बसला. रगड्याच्या पहिल्याच वळणावर तिनं तिसरा ग्लास मागितला. मग कोण थांबतंय!

ही तीच पोरगी, जिच्या हातावर मी फटका मारला होता. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. मीच एकदा म्हणालो, "बाळा, त्या दिवशी तू बरोबर होतीस." ती बुटातली माती झटकत म्हणाली, "आजोबा, मलाही काही माहीत नव्हतं. फक्त लई गरम लागली म्हणून गार लावायला गेले." एवढंच. चौथी शिकलेल्या आणि बारावी शिकलेल्या सगळ्यांच्या डोक्यावरनं गेलं ते तिच्या हाताला कळलं होतं. पुढं ती रोज पळायच्या आधी सगळ्यांपुढनं फिरायची. कुणाला ताप? कुणाला जुलाब? रात्री कोण झोपलं नाही? होय म्हणेल त्याला लिंबाखाली माझ्याजवळ बसवायची. उस्तादानं तिला कधी अडवलं नाही. एक दिवस पळायची वेळ दीड तासानं अलीकडं आली. कुणी केली, का केली, त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पण रगडा चालूच होता. आणि यंदा वैशाखात तो दिवस आला.

कन्नडकडचा एक उंच पोरगा होता. आदल्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात रात्रभर नाचला होता, आणि पडेगावच्या पोरीला खोटं सांगितलं की झोप झाली. शिक्षेच्या तिसऱ्या राऊंडला तो मधेच थांबला, खाली वाकला आणि हवेतच काहीतरी सोडायला लागला.

"काय करतोस रे?" पोरांनी विचारलं.

"बैल सोडायचेत. उन्हात राहिलेत."

उस्ताद ओरडला, "ए, नाट..." आणि तिथंच त्याचं तोंड मिटलं. तो शब्द त्यानं गिळला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पोरगा कोसळला. उस्ताद धावला, "गाडी काढा! गाडी!"

"गाडी नंतर!" मी फाटकातनं ओरडलो. "इकडं आणा त्याला! टबात!"

एक क्षण त्यानं माझ्याकडं बघितलं. मग वाकला, पोराला खांद्यावर टाकलं आणि पळत आला. या वयात त्या ओझ्यानं कसा पळाला तोच जाणे. टबात उतरवलं, स्वतः मागं गुडघ्यावर बसला आणि काखेतनं हात घालून पोराचं डोकं पाण्याच्या वर धरलं. पोरांनी पाणी हलवत ठेवलं. मी गोणपाट ओढलं, दोन्ही हातांत बर्फ घेतला, टबावर वाकलो.

आणि माझे हात थांबले.

वर्षभर मी जगाशी भांडलो होतो. तरी त्या तापलेल्या अंगावर बर्फ सोडायची वेळ आली तेव्हा आई आठवली, बायको दारात उभी राहिली. सर्दगरम. हात सुटेनात.

पडेगावची पोरगी माझ्या कानाशी आली. "आजोबा, सोडा. नाय तर या वेळी मी मारीन."

मी सोडला.

मग थांबलोच नाही. सगळी अर्धी लादी त्या टबात गेली. रसवंतीवाल्यानंही त्याचा बर्फ ओतला, "लो, और लो, कमती नको पडना." पोरगा आधी नुसता बरळत होता, बैलांची नावं घेत होता. मग दात वाजायला लागले. मग त्यानं डोळे उघडून उस्तादाकडं उलटं बघितलं आणि म्हणाला, "उस्ताद, लई गार लागतंय हो."

उस्ताद त्याला धरून रडत होता. सतरा वर्षं फौजेत काढलेला हवालदार, शर्ट भिजलेला. मी तोंड फिरवलं. त्याला रडताना बघायचा हक्क मला होता, पण बघवलं नाही.

मग जीप. काचा उघड्या. दवाखान्यात चार दिवस ठेवला आणि सोडला. आतलं सगळं शाबूत.

तो घरी गेल्यावर पाचव्या दिवशी त्याची आई आली. मी लिंबाखाली टब घासत होतो. बाई एसटीतनं उतरली ती सरळ माझ्या अंगावर.

"तुम्हीच का ते म्हातारे? माझ्या तापलेल्या लेकराला बर्फात बुडवणारे?"

"मीच."

"लाज वाटत नाय? एवढे केस पांढरे झाले! सर्दगरम झालं असतं म्हंजे? लकवा मारला असता म्हंजे? कोण बघणार होतं त्याला?"

तिचा आवाज मैदानाच्या पलीकडं जात होता. पोरं पळायची थांबली. उस्ताद मधे पडायला आला, मी हातानं थांबवला. बाई बोलत होती आणि मला काय वाटत होतं सांगू? भांडू दे. कितीही भांडू दे. माझी सून त्या मांडवात तोंडाला पदर लावून बसली होती, तिला कुणाशी भांडता आलं नव्हतं. ही भांडायला आलीय, म्हणजे हिचं लेकरू घरी जेवतंय.

तिचा दम संपला तेव्हा मी म्हणालो, "बाई, बसा. ज्या शब्दानं तुम्ही मला शिव्या घालताय, त्याच शब्दानं मी माझी नात घालवली. इथंच. बर्फ हातात असताना." आणि सगळं सांगितलं. चप्पल, कांदा, चादर, बंद काचा. काही लपवलं नाही. फटकासुद्धा सांगितला.

ती खाली टेकली. मग म्हणाली, "माझ्या आईनं तर असंच शिकवलं होतं."

"माझ्याही."

ती टबाजवळ आली. त्यावरची अक्षरं वाचली, चुकांसकट. मी तोवर ताजं पाणी भरून, तिला दाखवायला म्हणून त्यात बर्फ सोडला होता. तिनं बांगड्या मागं सारल्या, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"अगं बाई! लई गार हाय हे."

"व्हय," मी म्हणालो. "गारच पायजे."